आधी हवा, मग वीज

“अगं, नळी जोडलीस ना? मग लाव की बटण!” खातूसाहेब घड्याळाकडे बघत म्हणाले.

लोटे औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात सॉल्व्हंटच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या द्रावकाच्या टाक्यांशेजारी कपाटाएवढा लोखंडी डबा होता. आतल्या विजेच्या उपकरणांची एक ठिणगीही टाक्यांच्या वाफेचा भडका उडवायला पुरेशी होती. म्हणून डब्यात सतत दाबाने स्वच्छ हवा भरलेली असे, वाफेला आत शिरायला वावच नसे. आज सकाळी हवेची नळी निसटली, डब्याची वीज आपोआप गेली आणि अख्खा प्लान्ट थांबला.

“आधी दहा मिनिटं आत नुसती हवा सोडायची, सर. मग वीज,” आश्लेषा म्हणाली.

“दहा मिनिटं? तिकडे मालक माझा जीव खातायत! बायपासची किल्ली दे इकडे.”

ती किल्ली फिरवली की हवेची वाट न बघता वीज चालू करता येई, आणि ती आश्लेषाच्या खिशात होती. नोकरीला लागून तिला जेमतेम चार महिने झाले होते. तरी तिने एका हाताने खिसा घट्ट दाबून धरला. दुसऱ्या हाताने तिने गॅस मोजायचं यंत्र डब्यातून हवा बाहेर पडते त्या भोकाशी धरलं.

यंत्र किंचाळायलाच लागलं. आत वाफ भरलेली होती.

खातूसाहेब दोन पावलं मागे सरले. वॉकीटॉकीवर मालक ओरडत होते, त्यांचा आवाज साहेबांनी बारीक केला.

नळीतली हवा आतली वाफ बाहेर ढकलत राहिली, तसं हळूहळू किंचाळणं थांबलं. दहा मिनिटांनी यंत्रावरचा आकडा शून्यावर आला. आश्लेषाने बटणाकडे हात नेला.

“थांब, थांब!” साहेब घाईघाईने म्हणाले. “एकदा परत मोज गं.”