चंदाचा फोटो

सिल्वासात स्टुडिओ उघडून चारच दिवस झाले होते. पहिली ऑर्डर आणली आमच्या चाळीतल्या कोंडाबाईंनी. "भाचीला स्थळ आलंय, भाऊ. चंदा एक नंबर दिसली पाहिजे. फोटो इथूनच पोराकडच्यांना धाडून दे," म्हणाल्या आणि नंबर देऊन बाजारात गेल्या.

मी लाइट लावत होतो, तेवढ्यात चंदा म्हणाली, "दादा, फोटो खराब काढा ना. पुढच्या महिन्यात मसाटच्या कंपनीत मला पर्मनंट करणार आहेत. आत्ता लग्न ठरलं तर नोकरी गेलीच समजा."

पहिलीच ऑर्डर, आणि ती खराब काढायची! पण मन घट्ट केलं, लाइट खालून मारला आणि तिचे डोळे अर्धे मिटलेले असतानाच बटण दाबलं.

दोन दिवसांत नकार आला. कोंडाबाईंनी तो फोटो चाळभर दाखवला. "बघा, या मेल्याला कॅमेरा धरता येत नाही!" आपला धंदा बसला, असं मी धरूनच चाललो.

सुट्टीच्या दिवशी शटर वर केलं, तर बाहेर पाच पोरी उभ्या.

पुढची हळूच म्हणाली, "चंदाचा फोटो तुम्हीच काढला ना? मला अगदी तस्साच हवाय."