राखाडी बोक्याचं रूप

मांजरांच्या प्रदर्शनात बोका टेबलावर आला, त्याआधीच परीक्षकेनं त्याच्या मालकिणीचा आवाज ओळखला.

"जपून हं. खसकन उचललेलं त्याला खपत नाही."

मालकीणबाई ऐंशीच्या घरात असतील, पण पाठ काठीसारखी ताठ, मान लांब. एके काळी शाळेत नाच शिकवायच्या. हाताखालून गेलेल्या शेकडो मुलींपैकी एक आज पांढरा कोट घालून समोर उभी आहे, हे बाईंच्या गावीही नव्हतं.

परीक्षकेच्या मात्र एकावन्न वर्षांनंतरही अक्षर न् अक्षर लक्षात होतं. नाचासाठी मुली निवडताना बाईंनी तिची हनुवटी दोन बोटांत धरून सगळ्या वर्गाकडे वळवली होती. "तोंड बघा, गरगरीत! मान द्यायला देव विसरला. नाक बसकं. आणि पाय? पलंगाचे खूर!" वर्ग खो-खो हसला होता. अकरा वर्षांची ती पोर पुढे जन्मभर प्रत्येक फोटोत मागच्या रांगेत उभी राहिली.

तिनं बोक्याची हनुवटी दोन बोटांत धरली आणि उजेडाकडे वळवली.

आज खोट सापडायलाच हवी होती. तिनं शेपटी बोटांतून ओढून पाहिली. गाठ नाही. पोटावरचे केस फुंकरीनं पांगवले. दाट, आखूड, मुळापर्यंत राखाडी. पांढरा केस औषधालाही नाही. डोळे तांब्याच्या रंगाचे, मोठे. बोका तिच्याकडे एखाद्या मुरलेल्या कारकुनासारखा थंडपणे बघत राहिला.

"शोधा, शोधा," बाई हसल्या. "गाल बघा, फुगे नुसते! मान तर दिवा घेऊन शोधलीत तरी दिसायची नाही. नाहीतर ती पलीकडची मांजर, सुतळीचा तोडा."

"म्हणजे वाटोळं तोंड चांगलं?"

"अहो, या जातीत त्यालाच रूप म्हणतात. आखूड पाय, रुंद छाती, भरलेलं अंग. पण ते ओळखायला नजर लागते."

"लागते खरी," परीक्षक म्हणाली.

लेखणीच्या एका फटकाऱ्यानं तिला बोका बाद करता आला असता. बाईंचा चेहरा पाडायला तिचा हात शिवशिवतही होता. पण त्या मुक्या जिवानं तिचं काय घोडं मारलं होतं? मग कागद पुढे ओढून तिनं एकटाकी शेरा लिहिला आणि खाली पहिला क्रमांक टाकला.

मदतनीस बाईनं कागद वाचून भुवया उंचावल्या. "मॅडम, ही शेवटची ओळ... असं कुणी लिहितं का?"

"राहू दे तशीच. खरी आहे ती."

पहिल्या आलेल्या मांजराचा शेरा मालकानंच ध्वनिक्षेपकावरून वाचायचा, अशी त्या प्रदर्शनाची रीत होती. बाई ठसक्यात मंचावर चढल्या. बोका काखेत, कागद हातात. सभागृह गच्च भरलेलं.

"'तोंड गरगरीत,'" त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. टाळ्या पडल्या. "'मान द्यायला देव विसरला, आणि बरंच झालं.'" लोक हसले. बाईही हसल्या. "'नाक...'"

त्यांचा आवाज अडखळला.

"'नाक बसकं,'" त्या हळूच म्हणाल्या. डोळे पुढच्या ओळीवर गेले आणि तिथंच खिळले. मग त्यांनी मान वर केली. परीक्षकेच्या तोंडाकडे पाहिलं, मानेकडे पाहिलं, नाकाकडे पाहिलं. काखेतला बोका खाली घसरू लागला, तरी त्यांना भान नव्हतं.

परीक्षक टेबलामागून बाहेर आली. पहिल्या रांगेच्याही पुढे, जिथं ती नखशिखान्त दिसेल अशा ठिकाणी, येऊन उभी राहिली.

"थांबलात का, बाई?" ती म्हणाली. "वाचा की. पाय राहिलेत."