निकामी प्रत

चार वर्षांची अन्वी अजून बसत नव्हती, की 'आई' म्हणून हाक मारत नव्हती. मागच्या खेपेला डॉक्टरांकडे तिच्या हिस्टोन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात चूक सापडल्याचं कळलं, तेव्हा दर्शना रडली खरी, पण मनातून तिला हायसंही वाटलेलं. आजाराला निदान कारण तरी मिळालं. 'ग्रहणात भाजी चिरलीस, म्हणून पोर अशी झाली' हे सासूबाईंचं टुमणं त्या दिवसापासून बंद झालं.

आज नौपाड्यातल्या क्लिनिकमध्ये डॉक्टर मॅडमनी खुर्ची पुढे ओढली.

"दर्शना, आम्ही पुन्हा नीट तपासलं. ती चूक चालू जनुकात नाहीये. त्या जनुकाची एक बंद पडलेली प्रत असते, तिच्यात आहे. अशा निकामी प्रती तुझ्यात, माझ्यात, सगळ्यांतच असतात. त्यांनी काही होत नाही."

"म्हणजे अन्वीला काहीच झालेलं नाही?" दर्शनाचा चेहरा उजळला.

"तसं नाही गं. आजार आहेच. तो कशामुळे झालाय, ते मात्र आता आम्हालाही माहीत नाही."

दर्शनाने अन्वीची कलंडणारी मान सावरली. मग तिचा दुसरा हात हळूच स्वतःच्या पोटावर गेला.

"मॅडम, मला तिसरा महिना चालूय. तुम्हीच म्हणालेलात ना, चूक सापडलीय, आता पुढच्या बाळाची पोटातच तपासणी करता येईल? मग आता ह्याच्यात काय शोधायचं?"