काठावरची झुंज

विहिरीतून आलेली किंकाळी ऐकून शमुवेलनं दोर खाली सोडला. दोराला ओझं लागलं तेव्हा त्यानं वाकून पाहिलं. खोटी साक्ष देऊन त्याचीच जमीन लाटणारा धाकटा भाऊ दानियल दोराला लोंबकळत होता.

"दादा, ओढ रे!"

मळ्यात दुसरं कुणीच नव्हतं. 'दे सोडून. हात निसटला म्हण, कोण विचारतंय?' मनात गोड कुजबुज झाली, आणि शमुवेलची मूठ खरोखरच सैल पडली.

"चालता हो, सैताना!" तो मोठ्यानं ओरडला. "हे अंतःकरण प्रभूचं आहे!" पाय रोवून त्यानं सगळ्या ताकदीनिशी दोर ओढला.

काठावर येताच दानियल त्याच्या गळ्यात पडून रडू लागला. "वाटलं, तू सोडणार."

"मलाही वाटलं होतं," शमुवेल म्हणाला आणि कित्येक वर्षांनी मोकळेपणानं हसला.