पाझर तलाव

रंगराव तलावाच्या मातीच्या बांधावर चौकीदार होता. बांधाखालीच त्याचं घर. श्रावणात बांधाच्या बुडातून गढूळ पाणी येताना दिसलं, तसा तो सायकल हाणत जळगाव जामोदच्या कचेरीत गेला. "सायेब, बांध पाझरून राह्यला."

साहेब खो-खो हसले. "अहो रंगराव, पाझर तलावच आहे तो! पाझरायलाच बांधलाय."

रंगरावही ओशाळून हसला. आठ दिवसांनी तो पुन्हा गेला, तर दारातला चपराशी म्हणाला, "आले पाहा पाझरराव!"

पोळ्याच्या आदल्या दिवशी बांध फुटला. घर गेलं, भाकरी थापत बसलेली त्याची बायको अन्नपूर्णाही गेली.

पंचनाम्याला मोठे साहेब आले. "धोका आहे, हे आधी का नाही सांगितलं?"



"सांगतलं होतं, सायेब. पण त्याले दुसरा शब्द मले येत नव्हता."