घर स्वतःचं समजा

देश सोडून आलेल्यांना भाड्याची घरं मिळवून देणं हे माझं काम. असाच आलेल्या एका गवंड्याला खोलीची किल्ली देतानाही मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं, "दादा, घर स्वतःचं समजून राहा, म्हणजे मालक काढणार नाहीत."

त्यानं ते फारच मनावर घेतलं. गळकं छप्पर, ओल आलेल्या भिंती, तुटका नळ, सगळं पदरमोड करून नीट केलं. बायकोनं खिडकीत कुंड्याही लावल्या.

वर्ष व्हायच्या आत मालकांचा फोन आला. "ताई, खोली अगदी दृष्ट लागण्यासारखी झालीय हो! आमच्या सूनबाईंच्या मनात भरलीय. गवंड्याला महिनाअखेर निघायला सांगा."

मी तोंड उघडायच्या आत तेच पुढे म्हणाले,



"आणि असंच एखादं गरजू कुटुंब पाठवा ना. मागची खोली पार मोडकळीला आलीय."