पानावरचा फोटो

पान काळं पडलं. चेहरा नाही, केस नाहीत, नाकाचा शेंडासुद्धा नाही. देठापासून टोकापर्यंत एकजात काळंकुट्ट.

"बघ," फोटोग्राफर म्हणाला. "मी म्हणत नव्हतो? झाडाकडून फोटो छापून घेणार म्हणे!"

त्याची मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची. आयोडीनच्या ट्रेमधलं पान तिने चिमट्याने उलटंपालटं करून पाहिलं. हट्ट तिचाच होता. आई जाऊन दीड महिना झाला होता आणि तेव्हापासून फोटोग्राफर या डार्करूममध्ये स्टुलावर बसून होता. समोर ताट ठेवलं की दोन घास चिवडायचा आणि उठायचा. पँट कमरेवर राहीना. असंच चाललं तर दवाखान्यात भरती करावं लागेल, असं डॉक्टर बजावून गेले होते. समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिने त्याच्याच धंद्यातलं आमिष शोधलं होतं.

कृती सोपी होती. आईची जिरेनियमची कुंडी दोन दिवस अंधारात ठेवायची. पानाने साठवलेलं अन्न तोवर संपतं. मग त्या रिकाम्या पानावर निगेटिव्ह ठेवून दिवसभर ऊन दाखवायचं. ऊन जिथे पोचेल तिथेच पान अन्न तयार करणार, आणि अन्न असेल तिथेच आयोडीन काळं होणार. चुकायला जागाच नव्हती.

"बाबा, कुंडी अंधारातच होती ना?"

"अंधाराचं मला विचारतेस? चाळीस वर्षं त्यातच काढलीत. ही इथे होती, या टेबलावर. दोन दिवस कुणाला दार उघडू दिलं नाही मी."

मुलीने टेबलाकडे पाहिलं. मग वर पाहिलं. टेबलापासून हातभर उंचीवर लाल दिवा जळत होता.

"हा चालू होता?"

"मग? लाल दिवा म्हणजे अंधारच. फोटोच्या कागदाला विचार, त्याला लाल दिसतच नाही."

ती मटकन खाली बसली आणि तिला हसूच आवरेना. "कागदाला अंधार, बाबा! पानाला नाही. पानाला लाल उजेड चांगला मानवतो. दोन दिवस, दोन रात्री ते तुमच्या दिव्याखाली जेवत होतं. आकंठ जेवलंय!"

फोटोग्राफर हसला नाही. तो दिव्याकडे बघत राहिला. या दिव्याखाली त्याने अख्ख्या गावाची लग्नं धुतली होती, पासपोर्टचे आंबट चेहरे धुतले होते. उजेडाची अशी एक गोष्ट नाही जी मला ठाऊक नाही, असं तो छातीठोक सांगायचा.

"इतक्याशा उजेडात?" त्याने विचारलं. "अगं, मला यात घड्याळाचा काटा धड दिसत नाही."

"त्याला पुरतो."

मग तो उठला. दिवा बंद केला, कुंडी कपाटात ठेवली, दाराच्या फटी काळ्या पट्टीने बुजवल्या. कुलपाच्या भोकातसुद्धा कापूस कोंबला. दोन दिवसांनी सूर्य वर आला तेव्हा कुंडी गच्चीवर होती आणि एका रुंद पानावर काचेखाली निगेटिव्ह होती. ऐन वेळी बायको हसून हलली होती, म्हणून त्याने तो फोटो कधी छापलाच नव्हता. तो कुंडीपाशी बसला आणि उन्हाबरोबर कुंडी फिरवत राहिला.

दुपारी मुलगी पाणी घेऊन वर आली.

"काही करतंय असं दिसत नाही गं," तो हळू आवाजात म्हणाला. "आवाज नाही, धूर नाही."

"मुळांतून पाणी ओढतंय, हवेतला वायू आत घेतंय आणि उन्हाच्या जोरावर दोन्हींची साखर करतंय. आत्ता, तुमच्या नाकासमोर."

"म्हणजे ऊन बांधून ठेवतंय?"

"हो. आपण खातो ते सगळं असंच बांधून ठेवलेलं ऊन."

फोटोग्राफरने गच्चीच्या कठड्यापलीकडे पाहिलं. रस्त्याकडेची झाडं, कुंपणावरचे वेल, भिंतीच्या भेगेतलं गवत. इतका मोठा कारखाना आणि कुठे टाचणी पडल्याचा आवाज नाही. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

ऊन कललं तेव्हा त्यांनी पान खुडून खाली डार्करूममध्ये आणलं. आधी उकळत्या पाण्यात, मग गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवलेल्या स्पिरिटच्या वाटीत. हिरवा रंग सगळा स्पिरिटमध्ये उतरला आणि पान पांढरंफटक झालं. त्यावर काहीही नव्हतं. या खेपेला फसलं तर हा माणूस पुन्हा त्या स्टुलावर जाऊन बसणार आणि उठणार नाही, हे मुलीला कळत होतं.

तिने पान ट्रेमध्ये ठेवून आयोडीन ओतलं. सवयीने फोटोग्राफरने ट्रे हातात घेतला आणि तो हलकेच झुलवायला लागला.

आधी केस आले. मग भुवया. मग डोळे, हसताना बारीक झालेले. तोंडापुढे धरायला उचललेला हात पुसट होता. फोटो काढतानाच तो हलला होता. शिरा गालांवरून सरळ गेल्या होत्या आणि तरीही ती तीच होती.

ट्रे झुलायचा थांबला.

"हे काळं आहे ते..."

"पानाने आज दिवसभरात केलेलं अन्न, बाबा. तेवढंच."

त्याने ट्रे टेबलावर ठेवला.

"दिवसभर हिच्याकडे बघत बघत जेवलं की गं हे," तो म्हणाला. "आणि मी..."

त्याने स्टूल टेबलाजवळ ओढलं.

"इथेच वाढ मला," तो म्हणाला. "हिच्यासमोर."